स्वामीजींच्या नावावर मित्राचा फोन टाळू नका

सोलापूरहून लिहिणारे भाऊ, नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, नाही छापत. पत्र चार पानी होतं, दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही ४२ वर्षांचे, झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे, आणि शाळेच्या पहिल्या बाकापासूनचा एक मित्र आता पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांची बायपास ठरली तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी ३ लाख खात्यावर टाकले, ना कागद ना सही, 'जमेल तसे दे' एवढंच म्हणाला. तुम्ही ४० हजार फेडले, मग धंदा बसला, मशीनचा हप्ता थकला आणि पुढचे राहूनच गेले. आणि मग त्याचा फोन आला की पोटात गोळा यायला लागला, म्हणून फोन सायलेंटवर. 'कुठायस रे' असे त्याचे मेसेज पडून आहेत, तुम्ही उघडलेलेसुद्धा नाहीत, उघडले तर ब्लू टिक दिसेल ना. चार महिन्यांपूर्वी त्याचे वडील गेले आणि तुम्ही गेला नाहीत.

याच काळात तुम्ही रविवारच्या अभ्यासवर्गाला जायला लागलात, विवेकानंद वाचताय, पहाटे उठून ध्यानाला बसताय, छान आहे. तिथले एक काका म्हणाले की साधकाला मित्र नसतो, मैत्री म्हणजे आसक्ती, स्वामीजींनी सगळे पाश तोडले म्हणून ते स्वामीजी झाले. ते तुम्हाला पटलं. आणि तुम्ही मला विचारताय, 'ताई, साधनेसाठी मैत्री सोडली तर चुकलं का? आणि सोडलीच आहे तर रात्री झोप का लागत नाही?'

झोपेचं शेवटी बोलू. आधी स्वामीजींचं बघू, कारण तुम्ही त्यांचं नाव मध्ये आणलंय आणि मला राहवत नाही. मी काही महाराज नाही, प्रवचनकार तर मुळीच नाही, पण घरात माझ्या वडिलांनी घेतलेले विवेकानंदांचे खंड आहेत आणि त्यातली पत्रं मी कितीदा वाचलीत त्याला हिशोब नाही. व्याख्यानं मोठी आहेत पण माणूस पत्रात सापडतो, हे माझं ठाम मत आहे.

तुमच्या काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे पहिलं मान्य करते. १८९१ च्या जानेवारीत मेरठला स्वामीजी आणि त्यांचे काही गुरुबंधू एकत्र राहत होते, मजेत चाललं होतं, आणि स्वामीजींनी एक दिवस सांगितलं की मी आता एकटा जाणार, माझ्यामागे येऊ नका. गेले दिल्लीला. काही दिवसांनी हीच मंडळी दिल्लीत हजर, योगायोगाने म्हणा, तर त्यांनी पुन्हा बजावलं की बाबांनो मला एकटं राहायचंय. म्हणजे त्यांनी माणसं सोडली, हे खरंच. पण भाऊ, ते तोंडावर सांगून गेले, एकदा नाही दोनदा, आणि तुम्ही फोन सायलेंटवर टाकून गेलात, हा फरक तुमच्या काकांनी सांगितला नाही कारण त्यांना तुमचे २ लाख ६० हजार माहीतच नाहीत. तुम्ही त्यांना प्रश्न विचारलात 'आसक्ती'चा, त्यांनी उत्तर दिलं आसक्तीचं. उधारीचा विचारला असतात तर कदाचित त्यांनीच तुम्हाला पुण्याच्या गाडीत बसवलं असतं.

मेरठच्या आधीची एक गोष्ट ऐका, ही तुमच्यासाठीच आहे असं पत्र वाचताना वाटलं. १८९० चा एप्रिल, स्वामीजी काशीत होते. तिथे त्यांना कळलं की कलकत्त्याचे बलराम बसू गेले. बलराम बसू म्हणजे बागबाजारचे संसारी गृहस्थ, रामकृष्णांचे भक्त, ज्यांच्या घरी रामकृष्ण कितीदा मुक्कामाला असायचे, आणि रामकृष्णांच्या माघारी या पोरसवदा संन्याशांना ज्यांनी आधार दिला त्यातले एक. बातमी ऐकून स्वामीजी रडायला लागले. तिथे प्रमदादास मित्र होते, काशीतले मोठे संस्कृतचे जाणकार, स्वामीजींचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता, आदर होता. ते म्हणाले, अहो तुम्ही संन्यासी, तुम्हाला हा शोक शोभत नाही. (बघा, तुमचे काका प्रत्येक काळात असतात.) त्यावर स्वामीजींनी जे उत्तर दिलं त्याचा मतलब असा की असं बोलू नका, आम्ही काही कोरडे संन्यासी नाही, संन्यास घेतला म्हणजे माणसाला काळीज उरत नाही असं तुम्हाला वाटतं की काय.

आता तुम्ही सांगा, मित्राचे वडील गेले तेव्हा तुम्ही गेला नाहीत, ते वैराग्य होतं? तुम्हीच लिहिलंय की मित्राचे वडील तुम्हाला लहानपणी सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचे. आणि तुम्ही त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी जाऊन 'अनासक्ती'वरचं प्रकरण वाचत बसलात. मला वाचून तुमचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण त्या प्रकरणातलं एक अक्षर तरी डोक्यात गेलं असेल का.

अजून मागे जाऊ. नरेन म्हणजे तरुण विवेकानंद, त्याने एकदा खुद्द रामकृष्णांनाच हे आसक्तीचं लेक्चर दिलं होतं. रामकृष्णांचं नरेनवर इतकं प्रेम की तो दोनचार दिवस आला नाही तर ते अस्वस्थ व्हायचे, त्याच्यासाठी रडायचे. नरेनला ते ऑकवर्ड व्हायचं. तो म्हणाला, महाराज, राजा भरताची गोष्ट आठवा, हरणाच्या पाडसाचा विचार करत मेला आणि पुढच्या जन्मी हरीण झाला, तुम्ही माझा एवढा विचार करता, तुमचं काय होईल! रामकृष्ण साधे, त्यांना खरंच काळजी वाटली, उठून देवळात गेले आईला विचारायला. परत आले ते हसत. म्हणाले, लबाडा, मी तुझं ऐकणार नाही, आई म्हणते मी तुझ्यात नारायण बघतो म्हणून तुझ्यावर जीव लावतो, ज्या दिवशी तो दिसणार नाही त्या दिवशी तुझं तोंडही बघवणार नाही.

म्हणजे आसक्तीची शंका त्या परंपरेत आधीच येऊन गेली, तिचं उत्तरही देऊन झालं, आणि ते उत्तर 'जीव लावू नको' असं नाहीये. तुम्ही वर्ग सुटताना पसायदान म्हणता असं लिहिलंय, त्यात जिवाचं मैत्रच तर मागता की.

पण खरं सांगू का, तुमचा मामला जीव लावण्याचा नाहीच. तुमचा मामला पैशाचा आणि लाजेचा आहे. म्हणून आता खेतडीच्या राजाकडे येते, हा भाग मी जरा लांबवणार आहे, चहा घेऊन बसा.

राजस्थानात शेखावाटीत खेतडी नावाचं संस्थान होतं, तिथले राजे अजितसिंग. ४ जून १८९१ ला माउंट अबूला त्यांची आणि स्वामीजींची पहिली भेट झाली. स्वामीजी तेव्हा तिथे एका मुसलमान वकिलाकडे उतरले होते, राजाच्या मुन्शींनी, जगमोहनलाल त्यांचं नाव, विचारलंसुद्धा की हिंदू साधू असून मुसलमानाच्या घरी कसे, आणि स्वामीजींनी त्यांना चांगलं ऐकवलं. दोघंही तिशीच्या आतले, राजा दीडेक वर्षाने मोठा. तिथून पुढे ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत स्वामीजी खेतडीत राहिले. राजा त्यांचा शिष्य झाला, पण तुम्हाला वाटेल रोज सकाळी पाया पडणं आणि आशीर्वाद, तसं नव्हतं, स्वामीजी त्याला पदार्थविज्ञान शिकवायचे, वाड्याच्या गच्चीवर दुर्बिणीतून तारे बघायचे, आणि त्याच खेतडीत स्वतः विद्यार्थी होऊन नारायणदास पंडितांकडे पाणिनीवरचं महाभाष्य शिकत होते. डोक्याला फेटा बांधायचं राजाने सुचवलं, उन्हाळी वाऱ्यापासून बचाव म्हणून, आणि 'विवेकानंद' हे नावसुद्धा त्याच्याच आग्रहाने पक्कं झालं असं सांगतात. अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा मद्रासच्या पोरांनी, अलसिंगा पेरुमल नावाच्या शाळामास्तराने पुढाकार घेऊन दारोदार वर्गणी जमवली होती, तरी राजाने मुन्शींना मुंबईपर्यंत सोबत पाठवलं, कपडे करवले, बोटीचं तिकीट फर्स्ट क्लासचं केलं. ३१ मे १८९३ ला बोट सुटली. पुढचं शिकागोचं सगळ्यांना पाठ आहे. १८९७ मध्ये परत आल्यावर खेतडीत स्वामीजींनी उघड सांगितलं की माझ्या हातून देशासाठी जे थोडंफार झालं ते राजाजी भेटले नसते तर झालं नसतं.

इथपर्यंत गोड गोड आहे. राजाने दिलं, संन्याशाने घेतलं, जगाचं भलं झालं. अशी मदत घ्यायला कोणाला लाज वाटत नाही, 'कार्यासाठी' म्हटलं की हात आपोआप पुढे होतो. अवघड असतं ते स्वतःसाठी मागणं. तुमच्या वडिलांची बायपास हे काही राष्ट्रकार्य नव्हतं, तिथे तुम्हाला लाज वाटते, बरोबर?

तर २२ नोव्हेंबर १८९८. स्वामीजी बेलूर मठात, वय ३५, जगभर नाव झालेलं, आणि तब्येत ढासळलेली. त्यांनी राजाला पत्र लिहिलंय. मी माझ्या शब्दांत सांगते, मूळ इंग्रजीत आहे. सुरुवातच अशी की एक महत्त्वाचं खासगी काम आहे, तुमच्यापुढे मन उघडं करायला मला जराही लाज वाटत नाही, या जन्मात तुम्हालाच मी माझा एकमेव मित्र समजतो, पटलं तर ठीक, नाही पटलं तर मित्राने करावा तसा माझा मूर्खपणा माफ करा. पुढे लिहितात की माझ्या छातीत एक पाप सलत राहतं, जगाची सेवा करताना मी माझ्या आईची हेळसांड केली. ती मोडक्या घरात राहते, मधला भाऊ निघून गेल्यामुळे खचलीये, मला तिच्याजवळ काही वर्षं राहायचंय, तिच्यासाठी एक लहानसं नीटसं घर हवंय. युरोपातून जो पैसा आणला तो कार्यासाठी होता, पैन् पै तिकडे गेली, आणि स्वतःसाठी मी दुसऱ्या कोणाकडे हात पसरू शकत नाही. घरचं हे सगळं तुमच्यापुढे उघडं केलंय, बाकी कोणाला कळणार नाही.

हे कोण कोणाला लिहितंय बघा. गुरू शिष्याला लिहितोय. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला म्हणतोय की तू माझा एकमेव मित्र, माझ्या आईला घर दे. राजाची ताबडतोब तार आली असणार कारण १ डिसेंबरच्या पत्रात स्वामीजी लिहितात की तुमच्या तारेने किती आनंद झाला सांगता येत नाही, आणि मग सरळ आकडे. कलकत्त्यात चारपाच माणसांपुरतं घर घ्यायचं तर निदान १०,००० रुपये लागतील. आईला तुमच्याकडून महिन्याला १०० रुपये जातात ते तिला पुरतात. (म्हणजे हे आधीपासून चालू होतं, गाजावाजा न करता.) आजारपणामुळे माझा खर्च वाढलाय, मी जिवंत असेपर्यंत अजून १०० मिळाले तर बरं होईल. आणि एक शेवटचं मागणं, आईचे १०० कायमचे करून ठेवा, माझ्या मरणानंतरही, किंवा उद्या काही कारणाने तुमचं माझ्यावरचं प्रेम संपलं तरीही, एका गरीब साधूवर कधीकाळी जो जीव लावला होता तो आठवून म्हातारीला पोचत राहू देत.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मित्रापुढे बसून माणूस म्हणतोय की उद्या तू मला सोडशीलही, त्याचीही मी तजवीज करतोय. ज्याला लाज वाटते तो असं लिहू शकत नाही, तो 'बघू, देतो, पुढच्या महिन्यात' असं लिहितो. किंवा लिहीतच नाही, तुमच्यासारखा.

आणि हे बिचारे काही जन्मापासून असे मोकळे नव्हते हो. १८८४ मध्ये वडील अचानक गेले, कर्ज निघालं, भाऊबंदकीचे दावे लागले, तेव्हा नरेन विशीत होता. घरात दाणे कमी असले की आईला सांगायचा, मला आज बाहेर जेवायचं आमंत्रण आहे, आणि उपाशी फिरायचा. पैसेवाले मित्र गाडी घेऊन गाणं म्हणायला न्यायला यायचे, त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. एकदा नोकरीसाठी उन्हात अनवाणी फिरून तळपायाला फोड आले, मैदानावरच्या मोठ्या मनोऱ्याच्या सावलीत बसला होता, तिथे एका मित्राने धीर द्यायला म्हणून देवाच्या कृपेचं भजन सुरू केलं, तर नरेन त्याच्यावर उखडला, की ज्यांच्या पोटाला चिमटा नाही त्यांनी म्हणावीत ही गाणी. म्हणजे तुम्ही आज जिथे आहात, मित्रापासून लपवणं, मित्राचा राग येणं, तिथे तोही राहून आलाय. त्यातून तो माणूस १८९८ च्या पत्रापर्यंत पोचला. मला तरी त्यांच्या साधनेचा हा भाग समाधीपेक्षा कमी वाटत नाही, आता यावर कोणी चिडून मला पत्र लिहिलं तर लिहू देत.

बाकी मित्रांचं लांबण लावत नाही. एक फक्त सांगते, मिस मॅक्लाउड म्हणून अमेरिकन बाई होत्या, शिष्य म्हणवून न घेता स्वतःला त्यांची मैत्रीण म्हणवायच्या. त्यांना १८ एप्रिल १९०० ला कॅलिफोर्नियाहून लिहिलेल्या पत्रात स्वामीजी म्हणतात की लढाया जिंकल्या, हरल्या, आता मी गाठोडं बांधून बसलोय, आणि काही झालं तरी मी तोच पोरगा, जो दक्षिणेश्वरला वडाखाली बसून रामकृष्णांचं बोलणं तोंड उघडं टाकून ऐकायचा. असं शिष्यांच्या सभेत बोलता येत नाही, मित्रापाशीच बोलता येतं.

आपल्याकडचंही एक आहे. १८९२ मध्ये मुंबईहून पुण्याला येताना रेल्वेत त्यांची आणि लोकमान्यांची गाठ पडली आणि आठदहा दिवस ते टिळकांच्या घरी राहिले, नाव विचारलं तर म्हणायचे मी एक संन्यासी. टिळकांनी पुढे आठवणीत सांगितलंय की त्यांच्याजवळ पैसा अजिबात नव्हता, मृगाजिन, एकदोन कपडे आणि कमंडलू, आणि पुढच्या गावचं तिकीट कोणीतरी काढून द्यायचं. म्हणजे घेणं हे त्यांच्या रोजच्या जगण्यातच होतं. तुमचं घेणं अडलंय कुठे तर तुम्हाला वाटतं घेतलं की माणूस खाली जातो.

आता मी जरा समोरच्या बाजूने बोलते, कारण मी त्या बाजूला उभी राहिलेली आहे. २००९ ची गोष्ट, माझ्या एका मैत्रिणीने मुलाच्या ॲडमिशनसाठी माझ्या दोन बांगड्या नेल्या, गहाण ठेवायला. मीच दिल्या, काढून हातात ठेवल्या. सुटल्या नाहीत. मग ती दर गुरुवारी देवळात यायची बंद झाली, मग बाजारात दिसली तर दुसऱ्या गल्लीत वळायची. लोकांना वाटायचं मला बांगड्यांचं दुःख आहे. अहो, बांगड्यांचं दुःख महिन्याभरात संपलं! दर्शन झालं की आम्ही दोघी कोपऱ्यावर भेळ खायचो आणि नवऱ्यांची निंदा करायचो, ते गेलं. माझ्या बांगड्या नेल्या त्या नेल्या, वर माझी मैत्रीणपण नेली, असा राग होता माझा. तीन वर्षांनी ती आली, रिकाम्या हातानेच आली, दारात उभं राहून म्हणाली, अजून नाही जमलं गं. मी म्हटलं, चहा टाकते. बास. पुढे एक बांगडी आली, दुसरी आलीच नाही, आणि मला आता आठवावं लागतं की ती कुठल्या डिझाइनची होती.

तुमचा मित्र काय विचार करत असेल ते मला माहीत नाही, कदाचित पैशावरूनही चिडला असेल, ३ लाख म्हणजे थोडे नाहीत. पण 'कुठायस रे' हा मेसेज पैसे मागणाऱ्याचा नसतो एवढं मी सांगू शकते. स्वामीजींनी मार्गारेट नोबलला, म्हणजे पुढच्या भगिनी निवेदितांना, १८९७ मध्ये लिहिलं होतं की तू भारतासाठी काम कर नाहीतर करू नको, वेदान्त धर नाहीतर सोड, मी मरेपर्यंत तुझ्या बाजूने उभा राहीन, हत्तीचे दात बाहेर आले की परत आत जात नाहीत. तुमच्या मित्राने त्या संध्याकाळी 'जमेल तसे दे' म्हटलं ते हत्तीचे दात होते. तुम्हीच ते ढकलून आत घालायचा प्रयत्न करताय.

तर काय करायचं. व्हॉट्सॲपवर मोठा मेसेज लिहायचा नाही, हे आधी सांगते, तुम्ही तो तीन दिवस लिहाल आणि त्यात दोन सुविचार घालाल. फोन करा, संध्याकाळी, तो ऑफिसातून घरी आल्यावर. पहिलं वाक्य पैशाचं नको. पहिलं वाक्य त्याच्या वडिलांचं, की ते गेले तेव्हा मी आलो नाही, चुकलं, लाज वाटत होती. 'कामात होतो' म्हणू नका आणि 'साधना चालू होती' तर चुकूनही म्हणू नका. तो गप्प राहील, किंवा शिव्या देईल, शिव्या दिल्या तर समजा काम झालं. त्याने फोनच घेतला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, तुम्ही किती घेतले नाहीत ते मोजा आणि तेवढे तरी करा.

पैशाचं बोलणं समोरासमोर, आणि बोलताना स्वामीजींसारखा आकडा घेऊन बसा. २ लाख ६० हजार बाकी, दुकानातून महिन्याला खरोखर किती निघतील, २ हजार निघत असतील तर २ हजारच सांगा, जोशात येऊन १० सांगू नका, नाहीतर तिसऱ्या महिन्यात फोन पुन्हा सायलेंट. २ हजाराने दहा वर्षांच्या वर लागतात, मी हिशोब केला, लागू देत. लहान वही घाला, एक त्याच्याकडे एक तुमच्याकडे. आणि त्याला 'नाही, मला लवकर हवेत' म्हणायची मोकळीक द्या, तसं म्हणाला तर मशीन विकायचं की दुसरीकडून उचलायचं ते मग बघू, तेव्हा मला पुन्हा लिहा. बायकोला हे सगळं माहीत आहे का, पत्रात कुठेच तिचा उल्लेख नाही. नसेल माहीत तर फोनच्या आधी तिला सांगा.

मैत्री पूर्वीसारखी होईल का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. कदाचित नाही होणार. राजा अजितसिंग १८ जानेवारी १९०१ ला आग्र्याजवळ सिकंदऱ्याला मनोऱ्यावरून पडून गेले, स्वामीजींनी त्या वर्षी एका पत्रात हे कळवताना लिहिलंय की सध्या सगळं उदासच आहे आणि माझी तब्येतही वाईट. पुढच्या वर्षी जुलैत स्वामीजीही गेले. दोघंही चाळिशी गाठू शकले नाहीत. तुम्ही दोघं ती पार करून बसलायत, भेटायला पाच तासांचंही अंतर नाही.

आणि झोप. लागेल, फोन झाला की त्याच रात्री लागेल असं मला वाटतं, नाही लागली तर डॉक्टरांना दाखवा, ध्यान वाढवू नका.

रविवारचा वर्ग चुकवायला लागला तर चुकवा. हुतात्मा सकाळी सुटते, दुपारच्या आत पुण्यात. मित्राकडे जाण्याआधी त्याच्या आईला भेटा, घर एकच असेल तरी आधी त्यांच्या खोलीत जा, फोटोतल्या त्याच्या वडिलांना नमस्कार करा. आणि जाताना शेंगाचटणी न्या, पाकिटातली नको, घरी कुटलेली, त्याची आई तुम्हाला लहानपणी डब्यात द्यायची म्हणालात ना.

तुमची ताई